‘७०१०च दिलाय ना, मॅडम?’

मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गेल्या डिसेंबरात वाचनालयासाठी पुण्यातून एक रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, नीट करून पुन्हा विकायला काढलेला कॉम्प्युटर आणला आणि पुरती फसले. पैसे वाचकांच्या वर्गणीतले होते, म्हणून झालेलं सगळं इथे उघड लिहितेय. शाळा, पतसंस्था, अभ्यासिका, घरी मुलांसाठी कॉम्प्युटर शोधणारे आईबाप, सगळेच सध्या स्वस्तातली मशीन बघतायत, आणि मी ज्यात अडकले तो सापळा अजून मांडलेलाच आहे.

आमच्याकडे नऊ हजारांवर पुस्तकं आहेत आणि त्यांचा सगळा हिशेब सात दाखल नोंदवह्यांत. पहिल्या वहीची पानं इतकी जीर्ण झालीत की उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. कुणी जुनं पुस्तक मागितलं की निम्मा वेळ वह्या चाळण्यात जातो. कोहा नावाची ग्रंथालयाची एक मोफत प्रणाली आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेली. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर चालते आणि तिला फार भारी मशीन लागत नाही. तेव्हा एखाद्या ऑफिसातून निघालेला चांगला डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर लिनक्स टाकायचं आणि वह्या त्यात उतरवायच्या, असं ठरलं. कार्यकारी मंडळाने सतरा हजार मंजूर केले. अनुदानाचा हप्ता कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ही रक्कम वर्गणीच्या खात्यातून काढली.

वेळही तशीच होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट, संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे जुन्या मशीन कार्यालयांतून बाहेर निघतायत. लिनक्स टाकणाऱ्याला ही खरं तर संधी आहे, पण जुना माल नवा म्हणून खपवणाऱ्यालाही आहे.

मला जाहिरात दिसली ती अशी: डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी नवी एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह), विंडोज ११, एक वर्ष वॉरंटी, १६,५०० रुपये. मी ७०१० हा आकडा नेटवर टाकून पाहिला. २०२३ चं मशीन समोर आलं, बाराव्या-तेराव्या पिढीच्या प्रोसेसरचं. फोटोतला डबाही तोच. मला वाटलं, आपण खात्री केली.

ऑप्टिप्लेक्स ७०१० नावाची मशीन दोन आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिलं २०१२ चं, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचं, जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम लागणारं. दुसरं २०२३ चं. मध्ये अकरा वर्षं गेली आणि कंपनीने तोच क्रमांक पुन्हा वापरला. ७०२० चंही तसंच, एक २०१४ चं आणि एक २०२४ चं. नुसत्या मॉडेल नंबरवर विसंबून व्यवहार करू नका, कारण फसवणाऱ्याला इथे खोटं बोलावंच लागत नाही. नंबर खराच असतो.

तरी मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, ‘प्रोसेसर कितव्या जनरेशनचा आहे?’ उत्तर आलं, ‘मॅडम लेटेस्ट आहे. विंडोज ११ चालू आहे म्हणजे समजून घ्या.’ मी समजून घेतलं. आठव्या पिढीच्या खाली विंडोज ११ चालत नाही एवढं वाचलेलं होतं, म्हणून ते उत्तर मला पुरावाच वाटलं. बसवताना विंडोज करते ती प्रोसेसरची तपासणी चुकवून विंडोज ११ जुन्या मशीनवरही बसवता येतं, हे वाचलेलं नव्हतं. मी पिढीचा आकडा विचारला होता आणि उत्तरात आकडा नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं.

पुण्याला स्वतः गेले. दुकानात मशीन चालू करूनच ठेवलेलं होतं. दुकानदाराने सेटिंग्जमधलं ‘अबाउट’चं पान उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, तेरावी पिढी, इंटेल कोअर आय५-१३५००. रॅम १६ जीबी. मी त्या पानाचा फोटो काढला, मंडळाला दाखवायला. डबा फोटोतल्यापेक्षा जाडजूड होता. मागे कीबोर्ड-माउसची जुनी गोल भोकंही होती, एक जांभळं, एक हिरवं. मी विचारलं तर तो म्हणाला, ‘ऑफिसच्या लॉटमध्ये अशीच बॉडी येते, मॅडम.’ सर्व्हिस टॅग, म्हणजे कंपनीने प्रत्येक मशीनला दिलेला ओळख क्रमांक, त्याच्या जागी अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं. हे सगळं मी पाहिलं, आणि सगळं मनातल्या मनात खपवून घेतलं, कारण तेरावी पिढी असं स्क्रीनवर डोळ्यांनी वाचलं होतं.

वाचनालयाचा चेक देऊ केला तर ‘क्लिअर व्हायला वेळ लागतो’ म्हणून नको म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी लावला तर अठरा टक्के वर पडतील.’ शेवटी मी माझ्या फोनवरून यूपीआयने पैसे दिले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा व्यक्तीच्या नावावर. हातात आलेल्या कागदावर लिहिलं होतं, ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०, १ नग’. ना पिढी, ना सर्व्हिस टॅग, ना वॉरंटी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’, जे मी एसटीत बसल्यावर वाचलं.

मशीन आलं ते शनिवारी. सुट्टी, मग मंडळाची बैठक, मग वीज नाही, असं करत लिनक्स टाकायला दहावा दिवस उजाडला. आमच्या बालविभागात वाढलेला एक मुलगा आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, तो पेनड्राइव्ह घेऊन आला. एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू केलं. काही पुसण्याआधी तो नेहमी मशीनची माहिती बघतो म्हणाला. काळ्या खिडकीत ‘एलएससीपीयू’ असं टाइप केलं. थोडा वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘ताई, तुम्ही मला तेरावी पिढी सांगितली होती ना?’

स्क्रीनवर होतं: इंटेल कोअर आय५-३४७०. कोअर चार.

मी फोनमधला फोटो काढून दाखवला. त्याने मशीन पुन्हा विंडोजमध्ये सुरू केलं. सेटिंग्जमध्ये अजून १३५००च दिसत होतं. मग त्याने टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेला. तिथे कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांचा आकडा चार. खऱ्या आय५-१३५०० ला चौदा कोअर असतात. विंडोजमध्ये प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदीतल्या एका ओळीतून येतं, ती ओळ कुणालाही बदलता येते, असं त्याने मला समजावलं. मशीन बंद-चालू झालं की खरं नाव परत येतं, म्हणून या लोकांनी एक छोटी फाइल ठेवली होती, जी दर वेळी विंडोज सुरू होताच ते नाव पुन्हा बदलायची. त्याने ती शोधून बंद केली आणि मशीन परत चालू केलं. त्याच पानावर, त्याच जागी, आता ३४७० आलं.

मला त्या क्षणी पैशांपेक्षा त्या फाइलचंच जास्त वाटलं. जुनं मशीन नवं म्हणून सांगणं एक. पण कुणीतरी बसून, मी कुठलं पान उघडून बघणार याचा अंदाज घेऊन, नेमकी तीच ओळ खोटी करून ठेवली होती. माझ्यासारखी थोडंफार तपासणारी माणसंच त्यांच्या डोळ्यासमोर होती.

मग उघडून पाहिलं. रॅम खरोखर १६ जीबी होती, पण डीडीआर३. ‘नवी’ एसएसडी ३१ हजार तास चाललेली निघाली. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे ती साडेतीन वर्षं रात्रंदिवस चालू होती. हा आकडा ड्राइव्ह स्वतःच नोंदवून ठेवते, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅमने दोन मिनिटांत दिसतो. असं मशीन आमच्या भागात सहा-सात हजारांत मिळतं, असं त्या मुलाचं म्हणणं.

दुकानदाराला फोन केला. आवाज चढवला नाही, फोटो पाठवले. तो म्हणाला, ‘७०१०च दिलाय ना, मॅडम? बिलावर काय लिहिलंय बघा.’ बिलावर ७०१०च लिहिलेलं होतं. वॉरंटीचं विचारलं तर सात दिवस उलटून गेले होते.

ज्यांना असं मशीन घ्यायचंय त्यांनी एवढं कराच. दुकानात मशीन आधीच चालू करून ठेवलेलं असेल तर बंद करायला लावा. परत चालू होताना कंपनीचं चिन्ह आलं की एफ२ दाबत राहा. डेलमध्ये एफ२, दुसऱ्या कंपनीचं असेल तर कुठलं बटण ते आधी बघून जा. जे पान उघडतं ते बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं, तिथे विंडोजमधली हातचलाखी पोचत नाही. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम आणि सर्व्हिस टॅग, सगळं तिथे दिसतं. क्रमांकात शेवटचे तीन आकडे सोडून आधी जे उरतं ती पिढी: ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १३५०० म्हणजे तेरावी. सात अक्षरी सर्व्हिस टॅग कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कधी निघालं ते कळतं. डब्यावरचं स्टिकर खरवडलेलं असलं तरी बायोसमधला टॅग सहसा तसाच असतो. आमच्यात होता, आणि तारीख २०१३ ची निघाली. सोबत लिनक्सचा पेनड्राइव्ह नेता आला तर उत्तमच. दुकानदार ‘पासवर्ड आहे’, ‘बायोसमध्ये जाऊ नका, वॉरंटी जाईल’ म्हणाला तर तिथून निघा.

आणि बिल. अठरा टक्के वाचवायच्या नादात मी माझ्याच हाताने पुरावा कच्चा केला. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, सर्व्हिस टॅग आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या, पैसे दुकानाच्याच खात्यावर जाऊ द्या.

तरी सगळं संपलेलं नव्हतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचं बोलणं, दुकानात काढलेला ‘अबाउट’चा फोटो आणि यूपीआयची पावती माझ्याकडे होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आठ-दहा दिवसांनी दुकानातून फोन आला, दोन हजार परत देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल माझ्या नावावर आहे, तक्रारही माझ्याच नावाने तयार होतेय.

मंडळातले एक जण म्हणाले, ‘जाऊ द्या, काम तर चालतंय ना.’ काम चालतंय हे खरं आहे. त्या मुलाने मिंट आणि कोहा बसवून दिलं, विंडोज पुसलं, पण आधी ती फाइल आणि बायोसच्या स्क्रीनचे फोटो जपून ठेवले. पहिल्या वहीतली ६१४ पुस्तकं आतापर्यंत चढली आहेत. पण तेरा वर्षांच्या मदरबोर्डने आणखी किती साथ द्यावी? आणि सहा-सात हजारांच्या वस्तूला १६,५०० गेले, ते महिन्याला तीस रुपये वर्गणी भरणाऱ्या माणसांचे गेले. बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका शाळेच्या बाई पुस्तकं बदलायला आल्या होत्या. शाळेसाठी दोन कॉम्प्युटर बघतोय म्हणाल्या, आणि फोनवर जाहिरात दाखवली. तोच फोटो, तोच ७०१०, किंमत आता १५,९९९. मी त्यांना तिथेच बसवलं आणि त्यांच्याच फोनवरून दुकानाला एक ओळ पाठवायला लावली: ‘बायोसच्या स्क्रीनचा फोटो पाठवा, सर्व्हिस टॅग दिसेल असा.’ दोन निळ्या टिका आल्या. बाई पुस्तकं घेऊन निघेपर्यंत उत्तर नव्हतं, आज आठ दिवस झाले, अजून नाही.