स्टार्टअपमधला घुसखोर शोधायचा कशानं? टास्क मॅनेजर, ऑटोरन्स की ऑफलाइन स्कॅन

महाल भागातल्या एका डीटीपीवाल्या भाऊंनी परवा विचारलं, "कॉम्प्युटर चालू केला की काळी खिडकी चमकून जाते. फॉरमॅट मारून टाकू का?" थांबा भाऊ. आधी आपोआप काय काय सुरू होतंय, म्हणजेच स्टार्टअप, ते बघू. विंडोजवर त्यातला घुसखोर शोधायचे तीन मार्ग आहेत. तिन्ही फुकट, पण कामं वेगवेगळी.

टास्क मॅनेजर सगळ्यात सोपा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, स्टार्टअपचा टॅब उघडा. विंडोज ८ पासून तो इथेच आहे. बहुतेक जण पब्लिशरचा, म्हणजे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा रकाना बघतात, मायक्रोसॉफ्ट दिसलं की पुढे सरकतात, आणि तिथेच फसतात. डीटीपीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस त्यातूनच येतो. तो पुष्कळदा एक व्हीबीएस स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल असतो आणि ती चालवणारा डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोजचाच प्रोग्राम, म्हणून पब्लिशर खरोखरच मायक्रोसॉफ्ट! रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' दिसू द्या. डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे ॲपडेटा किंवा टेम्प या फोल्डरांमधली विचित्र नावाची फाइल असेल, तर चोर सापडला समजा.

पण शेड्यूल्ड टास्कमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत लपलेला प्रोग्राम या टॅबमध्ये दिसतच नाही.

तिथे ऑटोरन्स लागतो. सिसइंटर्नल्स या कंपनीचं हे टूल २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातल्या रन कीज, सर्व्हिसेस, टास्क, डब्ल्यूएमआय, अशा प्रोग्राम आपोआप सुरू होण्याच्या सगळ्या जागा एका यादीत येतात. ती यादी इतकी लांब की नवख्याला घाम फुटेल. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी म्हणजे पब्लिशरची खात्री पटत नाही. गुलाबी दिसलं की उडवायचं, असं मात्र करू नका. जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कंपनीच्या डिजिटल सहीविना असेल तर तेही गुलाबीच दिसणार, आणि ऐन लग्नपत्रिकांच्या दिवसांत ते गेलं म्हणजे झालंच! व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून तपासणारी वेबसाइट; तिची तपासणी ऑटोरन्समधूनच करता येते. सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी एखाद्यानंच बोट दाखवलं तर ती बहुधा खोटी ओरड. अनोळखी फाइल अपलोड करण्याचा पर्याय बंदच ठेवा. आणि नोंद डिलीट करू नका, नुसती टिक काढा. चूक झाली तर परत लावता येते.

डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन अगदी वेगळं. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटं तपासणी चालते, त्यामुळे व्हायरसला जागं होऊन लपायला वेळच मिळत नाही. तुम्हाला काही ओळखावं लागत नाही. उलट बाजू अशी की डिफेंडरला जे माहीत नाही ते तसंच राहतं. आधी अपडेट करून घ्या, उघडी कामं सेव्ह करा.

ज्याला यादी वाचायचा कंटाळा आहे त्यानं सरळ ऑफलाइन स्कॅन लावावं. माझा कौल मात्र टास्क मॅनेजरपासून सुरुवात करण्याला. तिथे काही मिळालं नाही आणि त्रास चालूच राहिला, तरच ऑटोरन्स.

भाऊंच्या मशीनवर कमांड लाइनमध्येच स्क्रिप्ट दिसली. ती नोंद डिसेबल केली, स्कॅन लावलं. मग म्हटलं, आता दुकानातले सगळे पेनड्राइव्ह काढा. अकरा निघाले.