बोलून टायपिंग आणि फोटोतून मजकूर: टायपिंगच्या टेबलावरून परीक्षण

लातूर, बीड, नांदेड, धाराशिव, कुठंही जा. कोर्टाच्या फाटकासमोर टायपिंगच्या दुकानांची रांग असतेच. छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला विद्यापीठं असल्यानं तिथं प्रबंधांचं कामही मोठं. या टेबलांवर गेल्या काही वर्षांत फुकट साधनांचा एक संच येऊन बसलाय: गूगल डॉक्सचं बोलून टायपिंग, गूगल ड्राइव्हचं ओसीआर (फोटोतून मजकूर काढणं), ऑफलाइन चालणारी टेसरॅक्ट (तीही ओसीआरसाठीच) आणि व्हिस्पर (ध्वनिमुद्रणातून मजकूर काढणारं), आणि शेवटी शुद्धलेखन तपासायला चॅटबॉट. हे परीक्षण त्या संचाचं आहे. अर्ज, प्रबंध आणि जुनी कागदपत्रं या तीन कामांना तो किती पुरतो, एवढंच इथं पाहिलंय. साध्या अर्जाला तो उत्तम आहे, प्रबंधाला चालेल. जुन्या दस्ताला मात्र शेजारी जाणकार माणूस नसेल तर धोकादायक.

आधी बोलून टायपिंग. गूगलनं मराठीचा समावेश ऑगस्ट 2017 मध्ये केला. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, टूल्समधून व्हॉइस टायपिंग निवडायचं, माइकच्या वरच्या यादीतून मराठी घ्यायची आणि बोलायचं. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांची असते. म्हणजे 300 शब्दांचं पान 30 च्या वेगानं 10 मिनिटं घेतं. सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस तेच पान तीन-चार मिनिटांत संपवतो. वेगाचा प्रश्न इथंच मिटला.

खरी कटकट विरामचिन्हांची. इंग्रजीत ‘फुलस्टॉप’ म्हटलं की टिंब पडतं. डॉक्समध्ये मराठीत ‘पूर्णविराम’ म्हटलं की ‘पूर्णविराम’ हा शब्दच उमटतो. त्याचाच उपयोग करून घ्यायचा. बोलताना प्रत्येक ठिकाणी ‘पूर्णविराम’, ‘स्वल्पविराम’, ‘नवा परिच्छेद’ म्हणत जायचं, मजकूर वर्डमध्ये नेऊन शोधा-बदला करायचं. शोधायच्या रकान्यात शब्दाआधीची मोकळी जागाही धरायची, नाहीतर प्रत्येक टिंब शब्दापासून सुटून उभं राहतं. परिच्छेदासाठी त्याच खिडकीतल्या ‘स्पेशल’ बटणातून परिच्छेदचिन्ह निवडायचं. मजकुरातच ‘पूर्णविराम’ हा शब्द खरोखर येणार असेल, म्हणजे व्याकरणाचं काम असेल, तर खुणेसाठी दुसरा एखादा शब्द धरावा.

दुसऱ्या खिडकीत गेलात की माइक बंद पडतो. थोडा वेळ गप्प बसलात तरी पडतो. वकील फाइल चाळत चाळत मजकूर सांगत असेल तर निम्मं वाक्य हवेत जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून सांगणाऱ्यानं आधी कच्चं टिपण समोर ठेवावं आणि टेबलावरच्या माणसानं नजर पडद्यावरच ठेवावी. नेट गेलं की हे सगळंच थांबतं. उन्हाळ्यात वीज जायच्या वेळा माहीत असतील तर त्याप्रमाणे काम लावावं.

आकडे बोलून टाकूच नयेत. ‘दीडशे’, ‘पावणेदोन’, ‘साडेसातशे’ कधी अक्षरात येतात तर कधी अंकात, आणि ‘एक हेक्टर एकवीस आर’ची वाट तर ठरलेली लागते. क्षेत्र, गट नंबर, रक्कम, तारीख यांच्या जागी बोलताना ‘रिकामी जागा’ म्हणायचं आणि नंतर सातबारा समोर धरून हातानं भरायचं. नावांचंही तेच. ‘सय्यद’ की ‘सैय्यद’, ‘कळंब’ की ‘कळम’, हे ऐकून ठरत नाही, कागद पाहूनच ठरतं. साधन जो शब्द जास्त वेळा पाहिलेला तो लिहितं, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला नेहमीचाच निवडतं. त्यात चूक अशी दिसत नाही, कारण पडद्यावरचा शब्द शुद्धच असतो; फक्त तो आपला नसतो.

बोलीचा मुद्दा संशोधकांसाठी मोठा आहे. बीड-परभणीकडच्या शेतकऱ्याची मुलाखत लिहून काढायची असेल आणि तो ‘म्या जायलो’, ‘ते आलतं’, ‘काय करायलाव’ म्हणत असेल, तर साधन त्याला जवळच्या प्रमाण शब्दाकडं ओढतं. अर्ज लिहिताना ही सोय वाटेल. लोकसाहित्याच्या किंवा भाषाशास्त्राच्या प्रबंधात मात्र जे मोजायचं तेच पुसलं जातं. ध्वनिमुद्रणावरून थेट मजकूर काढणारं व्हिस्पर सप्टेंबर 2022 मध्ये खुलं झालं. ते आपल्याच संगणकावर चालतं, मराठी ओळखतं, पण मराठीत इंग्रजीइतकं पक्कं नाही. त्याची एक खोड ध्यानात ठेवावी: बोलणारा थांबला आणि नुसती शांतता किंवा पंख्याची घरघर राहिली की ते कधीकधी न बोललेली वाक्यं लिहितं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा छापतं. मुद्रण त्याला द्यायच्या आधी लांब शांतता कापून टाकायची, पाच-दहा मिनिटांचे तुकडे करायचे. बोलीतली क्रियापदं तरीही कान लावून हातानंच लिहावी लागतात. इथं यंत्रावर भरवसा टाकू नये, एवढं ठाम सांगता येतं.

आता ओसीआर. ड्राइव्हमध्ये फोटो किंवा पीडीएफ चढवायची, तिच्यावर उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडायचं, वर चित्र आणि खाली मजकूर मिळतो. गूगलच्या सूचनेनुसार फाइल 2 एमबीच्या आत हवी, अक्षराची उंची किमान 10 पिक्सेल हवी आणि पान सरळ उभं हवं. स्कॅनर असेल तर 300 डीपीआय (इंचामागं ठिपके). फोनवरून घेताना पुस्तक दाबून सपाट करायचं, उजेड एका बाजूच्या खिडकीतून घ्यायचा, स्वतःची सावली पानावर पडू द्यायची नाही. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने आधीच कापून वेगळे करावेत. नाहीतर डाव्या रकान्याची ओळ उजव्याच्या ओळीला जोडली जाते, आणि वर्तमानपत्राच्या कात्रणात तर बातमीत जाहिरात घुसते.

नव्या छपाईचं पुस्तक असेल तर निकाल खरोखर चांगला येतो. खिळ्यांच्या जुन्या छपाईत मात्र ठरावीक जोड्या फसतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ‘ख’ आणि ‘रव’. अंकांत १ आणि ९. झिजलेल्या खिळ्याचा अनुस्वार उडतो आणि ‘मुलांनी’चं ‘मुलानी’ होतं. शाईचा ठिपका पडला तर उलट. ‘ऱ्या’तला अर्धा र नेहमी पाहावा. ‘ॲ’ची गंमत वेगळीच आहे: दिसायला एकच अक्षर, पण ते एका सांकेतिक क्रमांकानं लिहिलं जातं किंवा ‘अ’वर अर्धचंद्र चढवून. दोन्ही सारखे दिसतात आणि शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. प्रबंधाची सूची करताना ‘ॲड.’ निम्म्याच ठिकाणी सापडलं तर दोष बहुधा इथंच असतो. आधी सगळीकडं एकच रूप करून घ्यावं.

प्रबंधाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ खातात ते जुने फाँट. श्रीलिपी, आयएसएमचा सुरेख, शिवाजी यांत टाइप केलेली फाइल दुसरीकडं उघडली की गिचमिड दिसते. कारण त्या फाइलीत देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. शिवाय तिथं पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्याच चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, ती व्यंजनानंतर येते. रफाराचंही असंच स्थलांतर असतं. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढलेल्या मजकुरात वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं याच क्रमानं तपासावीत. मूळ फाँट हाती नसेल आणि पीडीएफ स्वच्छ असेल, तर रूपांतराच्या नादी न लागता तिचं चित्र करून ओसीआर केलेलं बरं पडतं.

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये येणं टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातली उसनवारी तपासली जाते, आणि 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. जुन्या फाँटातला प्रबंध तपासणाऱ्या प्रोग्रॅमला निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो; साम्य शून्य आलं तरी ते खरं शून्य नव्हे. तेव्हा पहिल्या पानापासून युनिकोडच घ्यावं. पेजमेकर या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ते चालत नाही. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर (ओळी जुळवायची पद्धत) निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, आणि ऑपरेटर बिचारा फाँटला शिव्या देत बसतो.

जुन्या कागदांपाशी या संचाची खरी परीक्षा होते. मोडीतलं आणि घसटीत लिहिलेलं उर्दू यातलं कुठलंच साधन भरवशानं वाचत नाही. त्यासाठी वाचक शोधावा लागतो, आणि तसे वाचक आता थोडे. पण पुढं मराठीत टाइप केलेल्या नकला, खासरा पत्रकाचे (जमिनीच्या जुन्या नोंदींचे) उतारे, जुने निकाल यांवर ओसीआर चालतं. अडचण नंतर, चॅटबॉटकडून शुद्धलेखन करून घेताना येते. निजामाच्या राज्यात ‘हाली’ शिक्का चालायचा; 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. दस्तात ‘हाली 700 रुपये’ असेल तर तपासणारं यंत्र ते ‘हल्ली 700 रुपये’ करून ठेवायला मोकळं असतं. वाक्य गुळगुळीत होतं आणि 600 कलदारांचा व्यवहार 700 चा होऊन बसतो. ‘सन 1345 फसली’मधला ‘फसली’ (निजामाच्या राज्यातला महसुली सन) उडाला की यादवकाळ संपल्यानंतरची तारीख तयार होते. खरं तर त्यात 590 मिळवून 1935-36 धरायचं. या सनाच्या महिन्यांची नावं ‘दै’, ‘तीर’, ‘मेहर’, ‘आबान’ अशी. ‘तीर’ म्हणजे बाण आणि ‘दै’ म्हणजे दैनिक, असं यंत्राला वाटलं तर त्याचा दोष काय म्हणायचा! मुंतखब (इनामाचा दाखला), मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम), चतुःसीमा हे शब्दही ‘सुधारले’ जाऊ शकतात.

यावर उपाय आहे. चॅटबॉटला ‘हे शुद्ध करून दे’ असं कधीच सांगू नये. ‘मजकूर बदलू नकोस, फक्त तीन रकाने दे: मूळ शब्द, सुचवलेला शब्द, कारण’ असं सांगावं आणि एका वेळी 500 शब्दांहून जास्त देऊ नयेत. लांब मजकुरात ते ओळी गाळतं. दुरुस्त केलेली प्रत आलीच तर वर्डमधल्या ‘रिव्ह्यू’ टॅबखालच्या ‘कंपेअर’नं मूळ प्रतीशी ताडून पाहावी, न मागता केलेला प्रत्येक बदल लाल होऊन समोर येतो. फसली सन, हाली रक्कम, गट नंबर, नावं यांची यादी आधी कागदावर काढून ठेवली तर शेवटी नुसती टिकमार्क करत जाता येतं.

औरंगाबाद खंडपीठात मराठी कागद दाखल करायचा तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि तिथंही हीच तऱ्हा. सर्वोच्च न्यायालयाचं ‘सुवास’ हे भाषांतराचं साधन 2019 मध्ये आलं. त्याचा मसुदाही भाषांतरकार तपासतातच. दुकानात यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता शिक्का मारून देणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर जुगार खेळणं.

माहितीच्या सुरक्षेचं थोडक्यात: आधार, बँक खातं, कौटुंबिक वादाचे कागद ढगात (क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर) चढवू नयेत. त्यांच्यासाठी टेसरॅक्टचा मराठी संच उतरवून ऑफलाइन काम करावं. अचूकता ड्राइव्हपेक्षा थोडी कमी वाटेल, पण कागद दुकानाबाहेर जात नाही.

राहिला दराचा प्रश्न, आणि या संचानं सगळ्यात जास्त उलथापालथ इथंच केली आहे. पानामागं पैसे हा हिशोब टायपिंगच्या श्रमावर बसवलेला होता. आता गिऱ्हाईक म्हणतं, ‘मोबाइलवर बोललं तर होतंय की, पैसे कशाचे?’ त्याचं अर्ध बरोबर आहे. शंभर शब्दांत एक चूक धरली तरी 300 शब्दांच्या पानात 3 चुका होतात आणि 200 पानी प्रबंधात 600. त्या शोधणारा माणूस 30 शब्दांच्या प्रमाणपत्रावर मिळत नाही. त्याला फसली सन कळावा लागतो, सातबारा वाचता यावा लागतो, ‘मुलानी’ ही चूक आहे की आडनाव हे ओळखता यावं लागतं. म्हणून पावतीवर तीन ओळी वेगळ्या कराव्यात: मजकूर काढणं, मुळाशी ताडून पाहणं, मांडणी. पहिलीचा दर खाली आणावा, दुसरीचा वाढवावा. गिऱ्हाइकाला दुसरी ओळ नको असेल तर पावतीवर ‘मुळाशी ताडलेले नाही’ असं लिहून त्याची सही घ्यावी, आणि मूळ फोटो प्रकरण निकाली निघेपर्यंत पुसू नयेत.