डिग्रीसिंगसाठी ट्रायक्लो घ्यावं की अल्कलीचं गरम पाणी?

डिग्रीसिंग म्हणजे धातूच्या पार्टवरचं तेल-ग्रीस काढणं. त्याच्या दोन्ही टाक्यांवर मी काम केलं आहे. आधी ट्रायक्लोरोएथिलीनची वाफेची टाकी, नंतर गरम अल्कलीची.

नुसती सफाई बघितली तर ट्रायक्लो वरचढ, हे मान्य करायलाच हवं. ८७ अंशांना उकळतं, वाफ थंड पार्टवर जमते, तेल घेऊन खाली ओघळते आणि पार्ट कोरडाच हातात येतो. पेट्रोलजन्य सॉल्व्हंटांच्या मानाने आगीची धास्तीही बरीच कमी.

मला नडला तो त्याचा वास, म्हणजे खरं तर तो न येणं. पाळी सुरू होताना गोडसर वास स्पष्ट जाणवायचा. थोड्या वेळाने तो नाहीसा व्हायचा आणि एक्झॉस्ट छान ओढतोय असं वाटायचं. एकदा बाहेरून आलेला सहकारी दारातच थबकला. म्हणाला, "तुम्ही इथे उभे तरी कसे राहता?" आम्हा तिघांना काहीच जाणवत नव्हतं. माझं डोकं मात्र सकाळपासून जड होतं आणि मी दोष झोपेला देत होतो. एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने सुचवलेली आठ तासांची सरासरी मर्यादा १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १० भाग, आहे. नाकाला कळतं ते बहुधा ती ओलांडल्यावर, आणि मग नाक सरावतं. त्या दिवसापासून मला त्या टाकीचा भरवसा वाटेना.

त्यात ही वाफ हवेच्या साडेचार पट जड. ती टाकीच्या तळाशी आणि खड्ड्यात साचते, म्हणजे गाळ काढायला माणूस वाकतो नेमकी तिथेच. भोवळ येऊन पडलेल्याला वाचवायला दुसरा तसाच उतरला, तर तोही पडतो. जवळ वेल्डिंग चालू असेल तर वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. नायट्राइलचे साधे हातमोजे यापुढे फार टिकत नाहीत. आणि २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी), मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून, ट्रायक्लोला गट १ मध्ये, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, टाकलं.

अल्कलीही निर्धोक नाही. टाकीतल्या कॉस्टिक सोड्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे गॉगल आणि हाताशी आयवॉश हवाच. त्वचेवर पडल्यावर आग कधी कधी उशिरा होते, म्हणून बोटं बुळबुळीत लागली की वाट न बघता नळाखाली धरायची. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमला तीव्र कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सुटतो. त्यासाठी सौम्य द्रावण वेगळं ठेवावं लागतं. फरशी निसरडी होते ती वेगळीच.

तरी माझा कल अल्कलीकडेच आहे. तिचा धोका प्रामुख्याने टाकीशी उभ्या असलेल्याला, आणि त्याला तो माहीत असतो. वाफ मात्र पलीकडच्या टेबलावर मोजमाप करणाऱ्यापर्यंतही पोचते, त्याला पत्ताही न लागता.

तुमच्या पार्टना बारीक, बंद टोकाची भोकं असतील तर माझं मत कदाचित लागू पडणार नाही. तिथे पाणी अडकतं, सॉल्व्हंट लागूही शकेल. मग मशीन पूर्ण बंदिस्त घ्या आणि हवेतलं प्रमाण मोजून घ्या.

बाकी पार्टसाठी खरी कटकट वाळवण्याची. आमच्या पोलादी पार्टवर सुरुवातीला तांबूस झाक यायची. शेवटच्या धुलाईत गंजरोधक घातलं आणि पुढे गरम हवेचा ब्लोअर बसवला, तेव्हा ती थांबली.