'ऑपर्च्युनिस्टिक'पाशी अडलेले शब्दकोश ॲप

भुसावळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. रावेर-सावद्याकडून रेल्वेने येणारी माझी मुले जाड शब्दकोश बाळगत नाहीत. मोबाइलमधले एक मोफत इंग्रजी-मराठी ॲप हाच त्यांचा आधार असल्याने सहा महिन्यांपासून मीही ते वापरतो आहे. इंटरनेट नसतानाही ते चालते, आणि उच्चार स्वच्छ ऐकू येतो. 'ऑपर्च्युनिस्टिक'मधला आघातही 'निस्'वर बरोबर पडतो. इंटरनेट चालू असले, तर अर्थ उघडताक्षणीच त्यावर जाहिरात येऊन बसते. (हे विशेषण तिलाही शोभेल.)

या शब्दापुढे 'संधिसाधू, समयोचित' एवढेच दिलेले आहे. त्यातला दुसरा अर्थ सरळ चुकीचा आहे, कारण तो 'ऑपर्च्यून' या वेगळ्या विशेषणाचा. दोन्हींचे मूळ बंदराकडे नेणाऱ्या अनुकूल वाऱ्याच्या लॅटिन कल्पनेत असले, तरी आज एकाच्या जागी दुसरे चालत नाही. एका विद्यार्थ्याने कापूस लावायला ही 'ऑपर्च्युनिस्टिक' वेळ होती, असे वाक्य इंग्रजीत लिहून आणले. मी लाल शाईने खूण केली, तेव्हा त्याने मोबाइलच माझ्यापुढे धरला.

'संधिसाधू' बरोबर असला तरी अपुरा आहे. वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्यावर निम्म्या भावाने घड मागणाऱ्या व्यापाऱ्याला हे विशेषण लावले, तर त्यात उघड दूषण असते. मिळेल ते खाणाऱ्या कावळ्याबद्दल प्राणिशास्त्रज्ञ तोच शब्द वापरतात, तेव्हा तो केवळ सवय सांगतो. वैद्यकात तर धडधाकट माणसाला सहसा न बाधणारा, पण प्रतिकारशक्ती ढासळली की उचल खाणारा संसर्ग असा त्याचा नेमका अर्थ आहे. २०२१ मध्ये धास्ती घेतलेला म्युकरमायकोसिस याच जातीचा: एरवी मातीत आणि कुजक्या पाल्यापाचोळ्यात राहणारी बुरशी कोरोना, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी दुबळ्या झालेल्या शरीरात शिरली. एचआयव्हीच्या माहितीपत्रकांत 'संधिसाधू आजार' हाच शब्द रूढ आहे. तिथे कोणी जंतूंच्या नीतिमत्तेबद्दल बोलत नसते. ॲपमध्ये मात्र यांपैकी एकाही वापराचे उदाहरणवाक्य नाही.

स्पेलिंग आणि उच्चारासाठी ॲप ठेवायला हरकत नाही, पण बारावीच्या मुलांनी अर्थासाठी ग्रंथालयातला, वाक्ये देणारा कोशच उघडावा. चूक मी दोनदा कळवली; दोन्ही वेळा आभाराचा तोच ठरावीक संदेश आला आणि 'समयोचित' अजून जागचा हललेला नाही.