अटल पेन्शन की श्रमयोगी मानधन? जेटीवर आणि बागेत राबणाऱ्या घरांसाठी

कोकणातल्या हर्णैच्या जेटीवर मासळी निवडणारी बाई, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचा खलाशी, आंब्याच्या पेट्या भरणारा बागेतला गडी. यांचा पीएफ सहसा कोणी कापत नाही, त्यामुळे साठीनंतर हातात काय, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा. त्यासाठी केंद्र सरकारच्या दोन योजना समोर आहेत. २०१५ ची अटल पेन्शन आणि २०१९ ची श्रमयोगी मानधन. दोन्हींत शिरायचं वय १८ ते ४०. अटल बँकेतून आणि पोस्टातून चालते, म्हणून खात्याच्या कामाला गेलं की तिचा फॉर्म पुढे सरकवला जातो. श्रमयोगीची नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांच्या ऑनलाइन सेवा केंद्रात होते आणि तिचं नाव बँकेत सहसा कोणी काढत नाही. मग जी आधी कानावर पडली तिच्यावर सही होते.

आधी पैशांचं बघू. वय ३० धरा. साठीनंतर महिना ३,००० रुपये हवे असतील तर श्रमयोगीत महिन्याला १०५ रुपये भरायचे, अटलमध्ये ३४७. चाळिसाव्या वर्षी नाव घातलं तर २०० विरुद्ध ८७३. एवढी तफावत कशी? श्रमयोगीत तुम्ही भराल तेवढीच रक्कम केंद्र सरकार आपल्याकडून घालतं. अटलमध्ये आता नव्याने येणाऱ्याच्या हप्त्यात सरकार भर घालत नाही, फक्त पेन्शनची हमी देतं.

पण १०५ ची दुप्पट केली तरी २१० च होतात, ३४७ नाही. वरचे १३७ कशाचे, ते बघितल्याशिवाय निर्णय करू नये. ते मुख्यतः तुमच्या मागे राहणाऱ्यांचे आहेत. अटलमध्ये तुमच्यानंतर नवऱ्याला किंवा बायकोला पूर्ण ३,००० चालू राहतात आणि दोघंही गेल्यावर वारसाला सुमारे ५ लाख १० हजार रुपये मिळतात. श्रमयोगीत जोडीदाराला निम्मे, म्हणजे १,५००, आणि तोही गेला की जमा रक्कम योजनेच्या निधीत जाते. मुलांच्या हाती काही येत नाही.

म्हणून माझं मत माणसागणिक बदलतं. नवरा-बायको दोघं कमावतात, प्रत्येकाची कमाई महिना १५,००० च्या, म्हणजे श्रमयोगीच्या मर्यादेच्या आत आहे, मुलं शिकून मुंबईला लागतील असा रंग आहे, तर दोघांनीही श्रमयोगीच घ्यावी. तिशीतल्या जोडप्याला महिन्याचे २१० रुपये पडतील आणि पुढे घरात ६,००० येतील. अटलमध्ये तेवढ्यासाठीच ६९४ मोजावे लागतील. जेटीवरच्या कमाईतून तीस वर्षं ६९४ भरत राहणं बोलायला सोपं आहे.

विधवा, टाकलेली किंवा लग्न न केलेली बाई असेल तर मी उलट सांगेन. श्रमयोगीतली कुटुंब पेन्शन फक्त जोडीदाराला मिळते. जोडीदारच नसेल तर पेन्शन सुरू झाल्यावर दोन वर्षांत बाई गेली, की तीस वर्षांची भरणा तिथेच संपली. घरात कायम सांभाळावं लागणारं मूल असेल, तर त्या ५ लाखांसाठी अटलचा जादा हप्ता सोसावा. ३,००० झेपत नसतील तर अटलमध्ये १,००० ची पेन्शनही घेता येते. तिशीत तिचा हप्ता ११६ आहे आणि वारसाला १ लाख ७० हजार मिळतात. श्रमयोगीत ३,००० शिवाय दुसरा आकडाच नाही.

कोकणातली खरी अडचण हप्त्याच्या तारखेची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच सुमाराला आंब्याचा हंगामही आटोपलेला, आणि खलाशाने घेतलेली उचल तोवर खर्चून झालेली. दोन्ही योजनांचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात शिल्लक नसेल तर थकतो. अटलचा दंड शंभरामागे महिन्याला १ रुपया, म्हणजे ३४७ च्या हप्त्याला तीन-चार रुपये. त्याने कोणी बुडत नाही, पण थकबाकी साचली की माणूस कंटाळून खातंच सोडून देतो. अटलमध्ये सहामाही हप्ता लावता येतो. बोटी चालू असताना भरून टाकला की पावसाळ्यात डोक्याला ताप नाही. लाडक्या बहिणीचे १,५०० ज्या खात्यात येतात तेच खातं हप्त्याला जोडलं तर आणखी सोपं.

मध्येच सोडली तर अटलमध्ये आपले भरलेले पैसे आणि त्यावरची कमाई मिळते, खर्च वजा जाता. श्रमयोगी दहा वर्षांच्या आत सोडली तर आपला वाटा फक्त बचत खात्याच्या व्याजासह परत येतो.

पात्रतेचं थोडक्यात: पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर श्रमयोगी मिळत नाही. अटलला कमाईची मर्यादा नाही, मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला नव्याने नाव घालता येत नाही.

दोन्हींतला एक दोष कोणी बोलत नाही. पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या ३,००० ची किंमत आजच्या सव्वापाचशेच्या आसपास भरते. त्यामुळे १०५ रुपयांच्या पेन्शनवर म्हातारपण निघेल, या भ्रमात राहू नका. वाचलेले दोनशे रुपये पोस्टाच्या आरडीत टाकलेत तरच स्वस्त योजना खरी स्वस्त.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांचं काय? जेटीवर बसणाऱ्या बायकांत त्याच जास्त दिसतात, आणि त्यांना दोन्ही दारं बंद. राहिली राज्याची संजय गांधी निराधार आणि ६५ नंतरची श्रावणबाळ, महिना १,५०० रुपयांची. तिथे उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एका हंगामात पेट्या भरूनही बाई त्याच्यावर जाते. तिने दाखल्यावर कोणता आकडा लिहून घ्यायचा, हे सरकारनेच सांगावं.