ट्रेलो, आमची ७ जणांची टीम आणि बॅकलॉगचा माळा

आधीच सांगते, ट्रेलो म्हणजे टीमची कामं कार्डांवर लिहून बोर्डावर लावायचं ऑनलाइन टूल, आणि मी त्याची फॅन वगैरे नाही. बाणेरला आमचं छोटं ऑफिस आहे, ३ बॅकएंडवाले, २ अँड्रॉइडवाले, १ टेस्टर आणि मी, म्हणजे नावाला लीड पण निम्मा दिवस "हे कुठवर आलं रे" विचारण्यात जातो. याआधी एक मोठं महागडं टूल होतं, नाव घेत नाही, त्यात एक साधा टास्क टाकायचा तर डझनभर रकाने भरा, मग खरं काम व्हॉट्सॲपवर ठरायचं आणि बोर्ड शुक्रवारच्या कॉलच्या आधी १० मिनिटं भरायचं, कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करायचो अगदी तसं.

तर ट्रेलो. ८ महिने झाले, फ्री प्लॅनवरच. पहिल्या दिवशी माणूस बसतो, लिस्ट बनवतो, कार्ड टाकतो, संपलं. कोणाला ट्रेनिंग द्यावं लागलं नाही. आमच्या लिस्ट अशा: बॅकलॉग (पुढे कधीतरी करायच्या कामांचा ढीग), या आठवड्यात, चालू, रिव्ह्यू, टेस्टिंग, झालं. जुन्या एक्सेलमधला कॉलम कॉपी करून नवीन कार्डाच्या चौकटीत पेस्ट केला की ते विचारतं, एवढ्या ओळींची वेगवेगळी कार्डं करू का? हो म्हणायचं. तिथेच आमची चूक झाली खरं तर, कारण सोपं होतं म्हणून सगळंच आणलं, ३००च्या वर कार्डं.

बॅकलॉगचं घरातल्या माळ्यासारखं असतं बघा. फेकवत नाही म्हणून वर टाकायचं, लागेल कधीतरी, आणि मग दिवाळीच्या साफसफाईत वर चढल्यावर कळतं की इथे दोन फुटके कुकर आणि २००९ची कॅलेंडरं आहेत. आमच्या माळ्यावर "लॉगिन स्क्रीन जरा बरी करा" असं एक कार्ड होतं. कोणी लिहिलं, बरी म्हणजे काय, कोणालाच माहीत नाही.

आणि इथे मला ट्रेलोची सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायचीये, जी फार लोक चालू करतच नाहीत. कार्ड एजिंग नावाचं पॉवर-अप, म्हणजे बोर्डाला जोडायची जादा सोय आहे. कार्डावर काही हालचाल झाली नाही की १ आठवड्यानी, मग २, मग ४ आठवड्यानी ते फिकट होत जातं. त्यात पायरेट म्हणून एक मोड आहे, तो लावला की कार्ड पिवळं पडतं, चिरा जातात, फाटल्यासारखं दिसतं, जुन्या दस्तऐवजासारखं. ऐकायला पोरखेळ वाटतो पण महिन्याभरात आमचा आख्खा बॅकलॉग जीर्ण झाला आणि मग नियम करणं सोपं गेलं, की फाटलेल्या कार्डासाठी कोणी २ मिनिटं बोलायला तयार नसेल तर आर्काइव्ह. डिलीट नाही हं, आर्काइव्ह, ते नंतर शोधून परत काढता येतं, त्यामुळे कोणाचा जीव खालीवर होत नाही. दोन बैठकांत ३०० वरून ६०वर आलो. (एकानं स्वतःच्या लाडक्या कार्डावर नुसतं टिंब कॉमेंट करून ते ताजं ठेवायची आयडिया काढली होती, पकडला गेला.)

बॅकलॉगमध्ये वरची १० कार्डंच नीट लिहायची हेही तेव्हाच ठरलं, म्हणजे झालं कधी म्हणायचं ते कार्डात चेकलिस्ट करून टाकायचं. खालच्यांना एक ओळ पुरे. ६ महिन्यांनंतरच्या कामाचं आज वर्णन लिहीत बसणं म्हणजे वेळ वाया.

आता "चालू" लिस्ट. एके दिवशी मोजलं तर ५ डेव्हलपर आणि चालू कार्डं १९. म्हणजे काय, काहीच चालू नव्हतं. असा बोर्ड ज्या पद्धतीवरून आलाय तिचं नाव कानबान, मुळात जपानीत पाटी, फलक. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली, तिथे पार्टच्या खोक्यासोबत कार्ड फिरायचं आणि कार्ड आल्याशिवाय पुढचे पार्ट बनवायचेच नाहीत. कार्डं मोजकी म्हणून अर्धवट काम मोजकं. ट्रेलोत कार्ड फुकट, कितीही बनवा, त्यामुळे ती मर्यादा आपण घालावी लागते. लिस्ट लिमिट्स पॉवर-अपनी "चालू"ला ६ची मर्यादा लावली, पण ते अडवत नाही, फक्त लिस्टचा रंग बदलतं. "येथे कचरा टाकू नये" लिहिलेल्या भिंतीचं काय होतं ते आपण जाणतोच. आम्ही तोंडी ठरवलं की ७वं कार्ड ओढायच्या आधी रिव्ह्यूतलं एक संपवायचं, ते ठीक चाललंय. लगेच वेग वाढला असं नाही सांगणार, पण टेस्टरला गुरुवारी संध्याकाळी एकदम ९ गोष्टी मिळायच्या ते थांबलं, आणि ती हल्ली ६ला घरी जाते.

बटलर हे ऑटोमेशनही बरंय, दर शुक्रवारी "झालं" मधलं सगळं आर्काइव्ह कर असा नियम एकदाच लावलाय. फ्रीमध्ये महिन्याला २५० रन, आम्हाला पुरतात.

काय नाही ते पण ऐका. स्प्रिंट (ठरावीक आठवड्यांचा कामाचा टप्पा), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं त्याचा आकडा), बर्नडाउन (किती काम उरलं त्याचा आलेख) असलं मुळात काही नाही. कस्टम फील्ड, म्हणजे कार्डात आपला स्वतःचा रकाना, पैसे भरले तरच, म्हणून आम्ही पॉइंट टायटलमध्ये कंसात ३, ५ असे लिहितो, देशी जुगाड. हे कार्ड त्या कार्डावर अडकलंय हे धड दाखवता येत नाही, लिंक चिकटवायची आणि लाल लेबल लावायचं. टाइमलाइन, म्हणजे तारखांप्रमाणे मांडलेली कामं, प्रीमियम प्लॅनमध्ये. ट्रेलो २०११ला फॉग क्रीक कंपनीनी काढलं, २०१७ला ॲटलासियननी ४२.५ कोटी डॉलरला घेतलं, आणि जिरा हे याच कामाचं मोठं टूल पण त्यांचंच, तेव्हा भारी फीचर इकडे कशाला आणतील, माझा आपला अंदाज. ज्यांच्या ४ टीम एकमेकांवर अवलंबून आहेत त्यांनी इकडे येऊच नये, रडाल.

फ्री प्लॅनची खरी मेख म्हणजे वर्कस्पेसला १० माणसं. आणि त्यात गेस्ट धरतात, नुसतं इन्व्हाइट पाठवून ठेवलेली माणसंही धरतात. आम्ही ७ अधिक क्लायंटचे २, झाले ९. पुढच्या महिन्यात २ फ्रेशर येतायत, म्हणजे साहेबांकडे पैशाचा विषय काढायला लागणार, नाहीतर क्लायंटचे दोघं बाहेर. साहेब काय निवडतील याची मला आत्ताच कल्पना आहे.

५ पैकी ४. अर्धा त्या फाटक्या कार्डांसाठी. आणि हो, "लॉगिन स्क्रीन जरा बरी करा" अजून बोर्डावर आहे, चारही कोपरे फाटलेत, कोणाचं काढायचं मन होत नाहीये.