घरचा सर्व्हर, दहा महिन्यांनंतर: १२० रुपयांची साटा केबल

गेल्या दिवाळीनंतर जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या सर्व्हरसाठीची फुकट सिस्टिम) टाकून घरचा सर्व्हर उभा केला. ४ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, त्यावर ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम, आणि सिस्टिमसाठी १२८ जीबीची एसएसडी. सेटअप कसा करायचा ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणाऱ्या हातभर लाल साटा केबलबद्दल. कारण तिच्यापायी मी चांगली डिस्क टाकून देऊन जवळपास दहा हजार रुपये घालवणार होते.

फेब्रुवारीत एका सकाळी एमडीस्टॅट, म्हणजे रेडची स्थिती दाखवणारी फाइल, बघितलं. कंसात दोन यू दिसायला हवेत, चालू असलेल्या प्रत्येक डिस्कचा एक, तिथे एकच यू आणि शेजारी नुसती आडवी रेघ. म्हणजे एक डिस्क रेडमधून बाहेर पडलेली. पोटात गोळाच आला. त्या डिस्कवर बाबांनी २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले फोटो आहेत, निगेटिव्हवरून मी एकेक करून स्कॅन केलेले. आणि आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. त्या ओव्या परत कुठून आणणार?

डिस्क वॉरंटीत होती. काढली, सर्व्हिस सेंटरला नेऊन दिली. चार दिवसांनी काउंटरवरच्या मुलानं परत हातात ठेवली. "मॅडम, डिस्क ओके आहे." मी तिथेच वाद घातला. ओके आहे तर रेडमधून बाहेर का पडली? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी एक तारा देऊन भलामोठा रिव्ह्यू लिहून ठेवला. दरम्यान डिस्क परत लावली, नऊ-साडेनऊ तास रीबिल्ड (दुसऱ्या डिस्कवरून ती पुन्हा भरणं) चालला आणि दोन यू परत दिसले. म्हणून तो रिव्ह्यू टाकायचा राहून गेला. बरं झालं, कारण तो मुलगा खरं बोलत होता. डिस्क खरंच ओके होती. पण "केबल बदलून बघा" एवढं एक वाक्य त्यानं सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, नाशकात आमच्या इंदिरानगरात लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपल्यावर सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर तो आपोआप चालू झाला, पण एक डिस्क दिसलीच नाही आणि अ‍ॅरे (दोन डिस्कची रेडची जोडी) उभा राहिला नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट डिस्क माउंट करताना (फोल्डरला जोडताना) नोफेल हा पर्याय लावतं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अडून बसत नाही, पुढे जातं. रात्री ठरल्या वेळी आरसिंक, म्हणजे फाइली कॉपी करणारा प्रोग्राम, सुरू झाला. ज्या फोल्डरवर डिस्क लागलेली असायची तो रिकामा होता, त्यानं लॅपटॉपवरचे सगळे व्हिडिओ नव्यानं त्यातच ओतायला घेतले. तो फोल्डर एसएसडीवर होता. सकाळपर्यंत एसएसडी गच्च.

मी रीस्टार्ट केलं. अ‍ॅरे आला, डिस्क जागेवर लागली, पण वेब पॅनल काही केल्या आत घेईना. पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचंच पान. डिस्कवरची एकूण जागा दाखवणारी डीएफ कमांड म्हणतेय एसएसडी १०० टक्के भरली, आणि फोल्डरांतल्या फाइली मोजणाऱ्या डीयूनं मोजलं तर जेमतेम ९ जीबी. बाकीचं गेलं कुठे? अख्खी दुपार लॉग (सिस्टिमच्या नोंदींच्या फाइली) पुसण्यात घालवली. शेवटी उलगडा झाला: ते व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये होते, फक्त आता वरून खरी डिस्क लागल्यामुळे झाकले गेले होते. रूटला, म्हणजे एसएसडीवरच्या मूळ फोल्डरला, दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट केलं (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवलं) आणि सगळा ढिगारा समोर आला, शंभर जीबीहून जास्त. पुसला, पॅनल लगेच उघडलं. आता आरसिंकच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ माउंटपॉइंट तपासणारी आहे. डिस्क लागलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. तुमच्याकडे अशी रात्रीची कॉपी चालत असेल तर आजच ही ओळ टाका.

त्यानंतर मी पहिल्यांदा स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो, तक्ता नीट वाचला. डिस्क मरायला लागली की त्यातले ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढतात. माझे तिन्ही शून्य. १९९ मात्र १,८४७. हा आकडा डिस्कच्या तबकडीचा नाहीच. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीतून जाताना डेटा किती वेळा बिघडला, त्याची ती मोजदाद. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्येही तेच लिहिलेलं होतं: लिंक पुन्हा पुन्हा रीसेट, वेग ६ गीगाबिटवरून ३ वर, मग दीडवर.

कॅबिनेटची बाजू उघडली. केबल जुन्या बोर्डासोबत आलेली, धातूची क्लिप नसलेली. बाजूचा पत्रा बसवला की पत्रा तिला दाबायचा आणि प्लगपाशीच ती काटकोनात मुडपायची. एका बोटानं हलकेच ओढली तर सुटून हातात आली. फेब्रुवारीत डिस्क काढून परत लावली तेव्हा प्लग नव्यानं बसला, म्हणून तीन महिने निभावलं.

एम. जी. रोडवर गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, क्लिपवाली घ्या, ती सुटत नाही." १२० रुपये. दोन्ही डिस्कसाठी दोन घेतल्या, २४० रुपये झाले.

एक लक्षात ठेवा, केबल बदलली तरी १९९ चा आकडा शून्यावर येत नाही. तो पुसला जातच नाही. वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं. मी कॅबिनेटवर कागद चिकटवलाय आणि दर रविवारी आकडा लिहिते. सलग तेरा रविवार १,८४७. नव्या केबलनंतरही वाढत राहिला असता तर आधी बोर्डावरचा पोर्ट बदलला असता, मग पॉवर सप्लायकडे बघितलं असतं. डिस्क सगळ्यात शेवटी.

बाकी थोडक्यात. ४ टीबीची डिस्क ३.६ दिसते, त्यात फसवणूक नाही, १००० ऐवजी १०२४ नं मोजतात म्हणून. पण ईएक्सटी-४ रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य यूजरसाठी) ५ टक्के जागा राखून ठेवतं, म्हणजे ४ टीबीत २०० जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर एवढी राखीव जागा लागत नाही. ट्यून२एफएस या कमांडनं ती १ टक्क्यावर आणली, फुकटात १६० जीबी मिळाले. एप्रिलमध्ये माळ्यावर डिस्क ४६ अंशांवर जायच्या, मशीन खाली पुस्तकांच्या कपाटाशेजारी आणल्यावर ३९. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून ओव्या आणि फोटोंची तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर सिडकोत भावाकडे असते, महिन्याला एकदा मी ती नव्यानं भरून देते.

इथपर्यंत शनिवारी लिहून झालं होतं. आज कागदावर आकडा लिहायला गेले तर दुसऱ्या डिस्कचा १९७ शून्याचा ८ झालाय. ही केबलची गोष्ट नाही, हे त्या डिस्कचंच दुखणं आहे. भावाकडची प्रत आजच आणून ताजी केली. रात्री लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) लावते, तिला सात-आठ तास सहज लागतील. नापास झाली तर उद्या डिस्क घेऊन त्याच काउंटरवर जाईन, या वेळी टेस्टचा रिपोर्ट छापून. वॉरंटीला अजून दोन वर्षं आहेत.